पाडव्याच्या दिवशी बालीत न्येपी: पाच रात्रींसाठी जावं का?

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितो, कारण नुसतं "शांत जागा सुचवा" म्हटलं तर मला काय हवंय ते कळणार नाही.

आषाढात बाबा गेले. शेवटची तीन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. औषधांच्या वेळा, कूस बदलणं, रात्री दोनला उठून चमच्याने पाणी पाजणं, हे सगळं आई आणि मी मिळून करत होतो. अजूनही मला रात्री बरोबर दोनला जाग येते. उठून बसतो, आणि करायला काहीच नसतं.

यंदा घरी सण नाही. दिवाळीत आकाशकंदीलही लावला नाही. आता १९ मार्च २०२६ ला पाडवा आहे. आमच्याकडे गुढीची काठी बाबांच्या ताब्यात असायची. आदल्या दिवशी ती माळ्यावरून काढून तेलाच्या फडक्याने पुसायचे, त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालायचा नाही. यंदा ती माळ्यावरच राहील. सगळ्या गल्लीत गुढ्या उभ्या असताना आपल्या खिडकीकडे बघत बसणं मला झेपेल असं वाटत नाही.

ऑफिसातल्या एकाने सांगितलं की त्याच दिवशी बालीत न्येपी असते, अख्खं बेट चोवीस तास गप्प राहतं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. पाच रात्री काढू शकतो. योगशिबिर नको, कुणी मला बरं करायला बसलेलं नको, रोज चार देवळं दाखवणारी गाडीही नको. पण बाली म्हणजे गर्दी, असंही सगळे सांगतात. खरंच शांत राहता येतं का? कुठे राहावं? आणि मावशी म्हणते की वर्षाच्या आत तीर्थयात्रा करू नये, त्याचं मनात राहिलंय. कुणी न्येपीला तिथे असाल तर कृपया लिहा.

खारावारा

आधी कोरडी माहिती देतो, अनुभवाचं दुसरं कुणी लिहील.

१९ मार्चला सकाळी सहा ते २० ला सकाळी सहा देनपसारचा विमानतळ पूर्ण बंद असतो. बंदरंही बंद, रस्तेही बंद. हॉटेलात त्या दिवशी येता येत नाही आणि तिथून निघताही येत नाही. त्यामुळे १७ पर्यंत मुक्कामी पोचायलाच हवं. १८ ला संध्याकाळी मिरवणुकांसाठी रस्ते अडवलेले असतात, तेव्हा त्या दिवशी पोचण्याच्या भरवशावर राहू नका. यंदा न्येपीच्या पाठोपाठ ईदही आहे. जावाकडे घरी जाणाऱ्यांची गिलिमानुक बंदरावर मोठी रांग लागते, आणि परतीच्या विमानांनाही गर्दी असेल. शक्य असेल तर २२ ला निघा, तिकीट मात्र आत्ताच काढा.

भारतीय पासपोर्टला तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो, पाच लाख रुपिया, तीस दिवसांचा. ऑनलाइन आधी काढलात तर रांग वाचते. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याला दीड लाख रुपियांचा वेगळा कर आहे, तोही ऑनलाइन भरता येतो. आकडे मोठे दिसतात म्हणून दचकू नका, त्यांच्या नोटांवर शून्यंच फार असतात.

कुता, सेमिन्याक, चांगू हा दक्षिणेचा पट्टा पूर्ण टाळा. उबुद नावाला गाव आहे, मधल्या रस्त्याला वाहनं हलत नाहीत.

शेवंती

तुमचं वाचलं आणि आधी स्वयंपाकघरातलं काम उरकून घेतलं, म्हणजे निवांत लिहिता येईल.

मी २०२३ च्या न्येपीला बालीत होते. त्या वर्षीही पाडवा आणि न्येपी एकाच दिवशी आले होते, २२ मार्चला. सोबत माझी नणंद होती. तिचे यजमान जाऊन सात महिने झाले होते, म्हणजे तिचंही ते पहिलंच वर्ष, तिच्याही घरी सण नव्हता. म्हणून तुम्हाला लिहिण्याचा थोडा हक्क आहे असं समजते.

हे दोन दिवस एकत्र येतात त्यात नवल काही नाही. त्यांचा संवत्सर आपलाच, शालिवाहन शक. २०२३ ला आपल्याकडे शके १९४५ लागलं तसं त्यांच्याकडेही १९४५ च लागलं. येत्या मार्चला दोन्हीकडे १९४८ लागेल. अमावास्येला ते तिलेम म्हणतात. नवव्या महिन्याची अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी न्येपी. आपल्याकडे साल बदलतं ते चैत्राला, त्यांच्याकडे बदलतं ते दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, आणि त्या महिन्याचं नावच कदस, म्हणजे दहावा. अधिक महिना धरण्याचं गणित वेगळं असल्यामुळे दर वर्षी जुळत नाही. २०२४ ला न्येपी ११ मार्चला झाली आणि आपला पाडवा पार ९ एप्रिलला होता.

पण आपला नववर्षाचा दिवस आणि त्यांचा, यात जमीनअस्मानाचा फरक. आपण गुढी उभारतो, गोडधोड करतो. ते चार गोष्टी सोडतात, त्याला चतुर ब्रत म्हणतात, म्हणजे आपलं व्रतच. अमती गनी, अग्नी नाही आणि दिवाही नाही. अमती कार्य, काम नाही. अमती ललुंगन, घराबाहेर पाऊल नाही. अमती ललांगुअन, करमणूक नाही. २०१८ पासून मोबाईलचं इंटरनेटही त्या दिवशी बंद ठेवतात. रस्त्यावर फक्त पेचालांग फिरतात, गावाचे राखणदार. त्यांच्या कमरेला काळ्यापांढऱ्या चौकटीचं वस्त्र असतं. कुणाच्या खिडकीतून उजेड दिसला तर ते येऊन सांगतात.

आम्ही सिदेमेनला राहिलो होतो. पूर्वेकडच्या करांगासेम जिल्ह्यातलं भाताच्या खाचरांचं खोरं आहे, समोर अगुंग डोंगर. विमानतळापासून दोन तास लागतात. पहिल्या रात्री मात्र माझी चूक झाली. थकवा येईल म्हणून दक्षिणेला समुद्राजवळ एक खोली घेतली होती, तिथे पहाटे तीनपर्यंत खालून गाण्यांचा दणका. नणंद काही बोलली नाही, पण मला फार अपराधी वाटलं. तुम्ही विमानतळावरून थेट वर निघून जा, कितीही दमला असलात तरी.

सिदेमेनचं घर म्हणजे एक मोठं अंगण आणि भोवती सुट्या सुट्या खोल्या. घरातलं देऊळ ईशान्येला, आपण देवघर मांडतो त्याच दिशेला. फक्त आपलं कोपऱ्यातलं लाकडी, त्यांचं उघड्यावर, दगडी चौथऱ्यांवर गवताने शाकारलेल्या छोट्या छोट्या देव्हाऱ्यांचं. घरमालकिणीला आम्ही इबू म्हणत होतो, म्हणजे आई. वयाने ती माझ्याहून लहानच असेल. ती रोज सकाळी चनांग सारी करायची. नारळाच्या कोवळ्या पानाची फिकट पिवळी पट्टी घ्यायची, सुरीने एक तिरका काप द्यायचा, चारी कडा वर दुमडून बांबूच्या बारीक काडीने टाचायच्या. तळहातावर मावेल एवढं तबक तयार. मग त्यात फुलं दिशेप्रमाणे: पूर्वेला पांढरं, दक्षिणेला तांबडं, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं किंवा हिरवं. माझी नणंद लहानपणी पत्रावळी टाचत असे. दुसऱ्या दिवशी ती न विचारता इबूच्या शेजारी जाऊन बसली आणि पट्टी हातात घेतली. पहिली तीन फाटली, चौथी बसली. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. त्या दिवशी तिने तासभर हात चालवले. सात महिन्यांत मी तिला इतका वेळ एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं.

न्येपीच्या दोन-तीन दिवस आधी मेलास्ती असते. गावोगावचे लोक पांढऱ्या कपड्यांत देवांना घेऊन समुद्रावर जातात, शुद्ध करून आणतात. ते जमलं तर जरूर बघा, लांब उभं राहून. आदल्या संध्याकाळी मात्र प्रचंड गोंगाट असतो, त्याची मनाची तयारी ठेवा. चव्हाट्यावर भुताखेतांना बळी देतात, त्यात कोंबडी-बदकंही असतात, आणि मग ओगोह-ओगोह निघतात, बांबूच्या सांगाड्यावर केलेले अक्राळविक्राळ पुतळे, तरण्या पोरांच्या खांद्यांवर. घरातही पेटती झावळी घेऊन, डबे-पातेली बडवत सगळ्या खोल्यांतून फिरतात. इबूने आमच्याही हातात एकेक झाकण दिलं. आम्ही दोघी साठीच्या बायका परक्या घरात पातेल्याचं झाकण वाजवत फिरत होतो, आणि ते आम्हाला आपलंच काहीतरी वाटत होतं.

मग सकाळचे सहा वाजले आणि सगळं थांबलं.

पहिले दोन-तीन तास छान वाटतं. पाटाच्या पाण्याचा आवाज आहे हे तेव्हा कळलं, आदले दोन दिवस तो कानावर आलाच नव्हता. कोंबडे आरवत होते. अकरानंतर मात्र अंगाला मुंग्या यायला लागल्या. फोन बघायचा नाही, चहा नाही, बाहेर चक्कर नाही. आदल्या दिवशी करून ठेवलेला गार भात खाल्ला. इबूच्या घरच्यांनी तेही खाल्लं नाही, त्यांचा कडक उपास होता. हे खरं सांगते, कारण पहाटेपासून शांतच वाटेल अशा समजुतीने गेलात तर दुपारी निराश व्हाल. मन शांत व्हायच्या आधी फार चुळबुळ करतं.

नणंदेचं दुखणं वेगळंच होतं. यजमानांच्या फोटोपुढे ती रोज निरांजन लावत असे, एक दिवस चुकला नव्हता. फोटो सोबत आणला होता, वातीही आणल्या होत्या. आदल्या दिवशी मी इबूच्या मुलाला इंग्रजीत विचारलं की खोलीत पडदे लावून एवढीशी ज्योत चालेल का. त्याने आत जाऊन आईला विचारलं. ती आली, नणंदेचा हात धरला आणि मान हलवून नाही म्हणाली. मग दारातल्या देवचाफ्याची पाच फुलं खुडून आणून दिली. नणंदेने ती फोटोपुढे ठेवली. दुपारी ती खूप रडली. मी तिच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही, अंगणात बसून राहिले. घरी असतो तर मी पाणी आणलं असतं, कुणाला तरी फोन लावला असता, "असं काय करतेस" म्हटलं असतं. तिथे यातलं काही करण्याची सोयच नव्हती. ती रडून रडून आपणहून थांबली आणि झोपली.

एक गोष्ट तुमच्यासाठी म्हणून मुद्दाम सांगते. घरी त्या दिवशी सगळे करत असतात आणि आपण करत नसतो. शेजारीपाजारी श्रीखंड पाठवतात, "तुमच्याकडे नाही ना यंदा" म्हणून हळू आवाजात विचारतात. तिथे कुणीच काही करत नव्हतं. लाखो लोकांच्या घरात चूल नव्हती, दिवा नव्हता. आमचं न करणं कुणाला वेगळं दिसत नव्हतं, आम्हालाही नाही. तुम्हाला खिडकीकडे बघायचं नाहीये ना, मग हा दिवस तुमच्यासाठी आहे असं मला मनापासून वाटतं.

रात्री सर येऊन गेली होती. नऊच्या सुमाराला ढग फाटले. अमावास्या नुकतीच झालेली, आणि खोऱ्यात, डोंगरावर, दूर किनाऱ्यापर्यंत एक बल्ब नाही. स्वतःचा हात दिसत नव्हता, पण आभाळ इतकं भरलेलं की ओळखीची नक्षत्रं शोधावी लागली. आपल्याकडून अगस्ती दक्षिणेला खालीच दिसतो. तिथे तो चांगला वर होता, नैर्ऋत्येला. आग्नेयेला त्रिशंकू. नणंदेच्या यजमानांना तारे दाखवायची हौस होती, गच्चीवर सगळ्या भाचरंडांना ते अगस्ती दाखवायचे. ती बराच वेळ तिकडे बघत उभी होती. काय मनात होतं ते मी विचारलं नाही.

सकाळी सहाला न्येपी सुटते. त्या दिवसाला न्गमबाक गनी म्हणतात, पुन्हा अग्नी पेटवण्याचा दिवस. लोक एकमेकांकडे जाऊन वर्षभरातलं चुकलंमाकलं माफ करा म्हणतात. इबूच्या चुलीचा धूर अंगणात आला, आणि त्याच निखाऱ्यावरून काडी पेटवून नणंदेने निरांजन लावलं.

देवळांबद्दल थोडक्यात. कमरेला सारोंग आणि वर कापडी पट्टा लागतो, पुरुषांनाही. पूजा चालू असताना समोरून जायचं नाही, पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभं राहायचं नाही. देवळांच्या दारात पाट्या असतात की सुतकात आणि पाळीत आत येऊ नये. तुमचं सुतक कधीच फिटलंय, तरी कुणी विचारलं तर खरं सांगा. ते लोक हे आपल्याइतकंच मानतात. प्रार्थना पाच वेळा हात जोडून करतात, पहिल्यांदा रिकाम्या हातांनी, मग फुलं घेऊन, आणि शेवटी पुन्हा रिकाम्या हातांनी. मग तीर्थ शिंपडतात, प्यायला देतात, आणि ओल्या तांदळाचे दाणे कपाळाला लावतात. आपल्या अक्षताच. गायत्री मंत्र तर सकाळ, दुपार, संध्याकाळ ध्वनिक्षेपकावरून ऐकू येतो, उच्चार थोडे निराळे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चालता चालता थांबले होते.

मावशींचं म्हणाल तर त्यांचं मन मोडू नका. यात्रा म्हणून जाऊच नका. एका घरात पाच दिवस मुक्काम करा आणि परत या. नवस, विधी, स्नान काही ठरवून जाऊ नका.

अनवाणी

शेवंतीताई, तुम्ही फार मनापासून लिहिलंय, तरी माझं थोडं वेगळं मत मांडतो. मी कामानिमित्त बालीत दोन वर्षं होतो आणि दोन न्येपी पाहिल्या.

मोठ्या हॉटेलांत न्येपीचं पॅकेज असतं. पडदे लावून आत जेवणावळ, तरणतलाव, सिनेमा सगळं चालू. पैसे देऊन घेतलेला तो आडोसा आहे, व्रत नाही. तळ्याकाठी, तुम्ही अशा ठिकाणी उतरलात तर तुम्हाला काहीही मिळणार नाही. ताईंसारखं कुणाच्या घरात राहणार असाल आणि त्यांच्यासारखंच पाळणार असाल तरच जा. त्यांच्या वर्षातला तो सगळ्यात गंभीर दिवस आहे, आपण पाहुणे आहोत.

शांतताच हवी असेल तर न्येपी टाळून, मे-जूनमध्ये कोरड्या दिवसांत उत्तरेला मुंडुकला जा. लवंगांची आणि कॉफीची झाडं, थंड हवा, आणि जवळच तांबलिंगान तलाव, ज्याच्या काठावर इंजिनाचा आवाज येत नाही. सकाळी धुक्यात तिथलं देऊळ अर्धं पाण्यात उभं असतं. मार्चमध्ये पाऊस सरत आलेला असला तरी असतोच.

आणि एक विचारू का? तुम्ही सगळं "मी" म्हणून लिहिलंय. तीन वर्षं आईंनीही केलं. पाडव्याला त्या त्याच घरात, त्याच खिडकीपाशी असतील ना?

तळ्याकाठी

अनवाणी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून दोन दिवस उत्तर देता आलं नाही. तुम्ही विचारलंत त्याबद्दल आभार.

आईला वाटेल की मला तिच्यापासून लांब जायचंय, म्हणून मी तिला काही सांगितलंच नव्हतं. काल रात्री शेवंतीताईंचं सगळं तिला मोठ्याने वाचून दाखवलं. देवचाफ्याच्या फुलांपाशी आल्यावर तिने मला थांबायला सांगितलं, आत गेली, थोड्या वेळाने आली आणि म्हणाली, पुढे वाच. शेवटी एवढंच म्हणाली की मला पासपोर्ट काढावा लागेल ना.

तर आता दोघं. मुंडुकचं लक्षात ठेवतो, पण आईला आता तोच दिवस हवाय. ती अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, शाकाहारी आहे. तिने तीन प्रश्न दिलेत. चढ किती आहेत? जेवायला काय मिळेल? आणि सकाळचा जप ती पुटपुटत करते, तो त्या दिवशी चालेल का?

माझा एक प्रश्न उरलाय, जरा वेडगळ वाटेल. रात्री दोनला जाग येते तेव्हा मी दिवा लावून स्वयंपाकघरात जाऊन बसतो. तिथे दिवा नाही. मग काय करायचं?

खारावारा

गोळ्यांपुरतं सांगतो. आठवड्याच्या जास्तीच्या गोळ्या घ्या आणि सगळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. न्येपीला दुकानं आणि औषधांची दुकानं बंद, पण दवाखान्यांची तातडीची सेवा चालू असते आणि रुग्णवाहिकेला रस्ता मोकळा असतो. घरमालकांना पोचल्याबरोबर आईंचं सांगून ठेवा, म्हणजे वेळ आली तर ते राखणदारांना बोलावतील. रोख रक्कम १७ लाच काढून ठेवा. पासपोर्टचा अर्ज मात्र या आठवड्यातच करा.

शेवंती

आईंना माझा नमस्कार सांगा. फार बरं वाटलं.

चढाचं म्हणाल तर लंपुयांगचं नाव काढू नका, वरच्या देवळापर्यंत सतराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. बसाकिहलाही पायऱ्याच पायऱ्या, तिथे खालूनच हात जोडावे लागतील. सिदेमेनमध्ये घर घेताना "खोली तळमजल्यावर आहे का आणि रस्त्यापासून किती पावलं" एवढं फोटो मागवून विचारा. खाचरांच्या बांधावरून त्यांना चालवू नका, शेवाळ असतं. सोबत एक काठी ठेवा.

जेवायला भात, तेंपे, ताहू म्हणजे सोयाबीनचं पनीर, शेंगदाण्याच्या वाटणातल्या उकडलेल्या भाज्या, केळी, पपई. तेंपे म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या वड्या, आईंना आवडतील. पण चटणीत आणि फोडणीत तरासी असते, आंबवलेल्या कोलंबीची. दिसत नाही, वासानेही लगेच कळत नाही. "तानपा तरासी" हे दोन शब्द पाठ करून ठेवा, म्हणजे तरासीशिवाय. न्येपीसाठी दशम्या घरून नेल्यात तर उत्तम, आम्ही नेल्या होत्या.

जप जरूर करा म्हणावं. तोच तर त्या दिवसाचा उपयोग. आवाज अंगणापलीकडे जाऊ नये एवढंच.

तीर्था अंपुलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे गेलात तर सांगून ठेवते. दहाव्या शतकातलं झऱ्याचं देवस्थान आहे. दगडी तोट्यांखाली एकेक करून डोकं धरायचं असतं. त्यातल्या दोन धारा मृतांच्या विधींसाठी राखलेल्या आहेत, त्या जिवंत माणसाने वगळायच्या. आमच्या वाटाड्याने आधीच दाखवून ठेवल्या होत्या. नणंद त्या दोन धारांपाशी क्षणभर थांबली, हात जोडले आणि पुढच्या धारेकडे गेली. गर्दी फार असते, दार उघडायच्या वेळीच पोचा, नाहीतर जाऊ नका.

आता तुमचं. यात वेडगळ काही नाही. आमच्या नणंदेलाही जाग यायची, पण एक लक्षात घ्या: तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. पाच दिवसांत शरीर ते शिकत नाही. तुमचे रात्रीचे दोन म्हणजे तिथले पहाटेचे साडेचार. तेव्हा उठा आणि हळूच दार उघडून ओसरीवर येऊन बसा. आभाळ मोकळं असेल तर वृश्चिक डोक्यावर आलेला असतो, आकडा पूर्ण दिसतो. थोड्या वेळाने पूर्वेकडून कोंबडे सुरू होतात. दीड तासाने न्येपी सुटते आणि कुणीतरी चूल पेटवतं. आईंना जाग आली असेल तर त्यांनाही शेजारी बसू द्या.